प्रत्यारोपित मूत्रपिंड, मानेत गाठ आणि ताप: क्षय की लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), हे नेमके कसे ठरवावे?

नमस्कार. माझे दाजी ४४ वर्षांचे असून सोलापुरात यंत्रमागाचा व्यवसाय करतात. ६ वर्षांपूर्वी त्यांच्या आईने त्यांना मूत्रपिंड दिले. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ते नियमाने घेत आहेत. गेले २ महिने संध्याकाळी ताप येतो, वजन ७ किलोंनी घटले आहे आणि मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे.

गाठीतून सुईने घेतलेल्या नमुन्याच्या अहवालात ‘संशयास्पद लिम्फॉइड पेशी’ एवढेच लिहून आले. क्षयाचे जंतू दिसले नाहीत. तरीही टीबीची औषधे सुरू करून पाहू, असा सल्ला एका ठिकाणी मिळाला. आपल्या भागात टीबी इतका आढळतो की हा विचार मला चुकीचा वाटत नाही. परंतु टीबीच्या औषधांतील रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने खाली येते आणि शरीर प्रत्यारोपित मूत्रपिंड नाकारू शकते, त्यामुळे निदान न करता केलेला हा प्रयोग दाजींना फार महागात पडेल, अशी मला भीती वाटते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतरच्या लिम्फोमाची, म्हणजे पीटीएलडीची शंका व्यक्त केली आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे टी-पेशींचा पहारा ढिला पडतो आणि बी-पेशींमध्ये सुप्त असलेला एपस्टाइन-बार विषाणू त्यांची बेसुमार वाढ घडवू शकतो, असे त्यांनी समजावले. रक्तातील या विषाणूची तपासणी निगेटिव्ह आली आहे, पण अनेक वर्षांनी उद्भवणाऱ्या पीटीएलडीत पुष्कळदा हा विषाणू नसतोच, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, असेही ते म्हणाले.

येत्या सोमवारी संपूर्ण गाठ काढायची आहे. त्याआधी स्टिरॉइडचा डोस वाढवल्यास लिम्फोमाच्या पेशी विरून निदान हुकू शकते, म्हणून तो आहे तेवढाच ठेवला आहे. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यावर टीबीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) होत नाही, म्हणून एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा ठेवण्याची विनंती मी शल्यविशारदांना केली आहे. फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरील खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठी) आणखी एक ताजा तुकडा मागून घ्यावा का?

माझी खरी काळजी पुढची आहे. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमासारख्या दुर्मीळ प्रकारात सीडी२० हा नेहमीचा मार्कर (पेशीची ओळख पटवणारे प्रथिन) बहुधा आढळत नाही, सीडी१३८ आढळतो. मोजकेच मार्कर तपासले गेले तर त्याचे निदान निसटू शकते. त्यासाठी ईबर तपासणीसह (गाठीच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू शोधणारी) अनेक मार्करांचे विस्तृत पॅनेल सोलापुरातच कोणी करून घेतले आहे का? नसल्यास मी पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाईन. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रुग्णाला सोबत न नेता केवळ ब्लॉकची फेरतपासणी करून घेण्यासाठी नोंदणी कशी करावी आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सोमवारपूर्वी कळवावे. ताप असताना दाजींना इतका प्रवास घडवणे मला योग्य वाटत नाही.