बासवाल्याने पैसे कशावर घालावेत: अ‍ॅम्पवर की तारांवर?

मंद्रसप्तक

कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, ‘चाळीस हजार साठवलेत. बास साधीच आहे, चार तारांची. आता अ‍ॅम्प घेऊ ना?’ मी ‘अजिबात नको’ म्हटलं. तिच्या बँडमधल्या कुणालाच ते पटलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

आपल्याकडे बासवाला वाजवतो कुठे? गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, लग्नाचे हॉल, नाट्यगृहं, गॅदरिंग. या सगळीकडे पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठीची साउंड सिस्टीम असते, तिला खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर, म्हणजे सबवूफर असतात. समोरच्या माणसाला ऐकू येणारा बास डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी छोटी डबी) मिक्सरला आणि तिथून सबला जातो. स्टेजवरचा अ‍ॅम्प वाजवणाऱ्याच्या समाधानापुरता उरतो. मग आवाज जिथे जन्मतो तिथे पैसे घाला ना: तारा, सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची, स्वर नीट लावून घेणं) आणि एक चांगला डीआय.

तारांबद्दल आपल्याकडे फार हेळसांड आहे. बासची तार सहसा तुटत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. पण राउंडवूंड तारेच्या, म्हणजे गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या तारेच्या, वेढ्यांत घाम, तेल, कातडीचा मळ बसत जातो. तारेचं वजन जागोजागी कमीजास्त होतं. खालून, जिथे ती पडद्यावर (फ्रेटवर) आपटते, तिथे खळगे पडतात. मग मोकळी तार ट्यूनरवर बरोबर आणि सातव्या पडद्यावर स्वर हललेला. कीबोर्डवाला डावा हात लावतो तेव्हा हे कळतं, आणि तेव्हा दोष त्याच्यावर ढकलला जातो. कुठलाही अ‍ॅम्प हे दुरुस्त करू शकत नाही.

आणि अ‍ॅम्पशिवाय बास ‘लागत’ नाही म्हणणाऱ्यांनी मोटाउन या अमेरिकन कंपनीची 1960च्या दशकातली रेकॉर्डिंगं ऐकावीत. तिथला बासवाला जेम्स जेमरसन, त्याचा बास त्यात बहुतेक वेळा सरळ कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये गेलेला आहे.

ड्रमशेजारचा

मंद्रसप्तक, तुम्ही प्रेक्षकांत बसून बोलताय. बासवाल्याचं पहिलं गिऱ्हाईक प्रेक्षक नव्हे, ड्रमर. माझा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि त्याची तार एकत्र पडली नाही तर पुढे हजार वॅटचे सब असून काय उपयोग?

स्टेजवर मला बास मिळतो कुठून? पायाशी ठेवलेल्या बारा इंची मॉनिटर स्पीकरमधून. त्यात आधी गायिका, मग गायक, मग कीबोर्ड, आणि राहिलेल्या जागेत बास. फीडबॅक नको म्हणून साउंडवाल्याने शंभर हर्ट्झच्या खालचं बरंचसं कापलेलं असतं. बासची खालची E 41 हर्ट्झची. म्हणजे मला मूळ स्वर मिळतच नाही, वरचे उपस्वर तेवढे मिळतात. कान उरलेलं भरून घेतो हे मान्य, पण ठेका अंगात शिरत नाही.

बासवाल्याचंही बघा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो बोटं जोरात मारायला लागतो. तार पडद्यांवर खडखडते, स्वर सुरुवातीला वर चढतो, दोन तासांत हात भरून येतो. तुमच्या महागड्या नव्या तारांतून मग फक्त खडखडाट बाहेर पडतो. पाठीमागे चार फुटांवर एक बरा कॅबिनेट, म्हणजे अ‍ॅम्पचा स्पीकरचा खोका, असेल तर हे सगळं टळतं.

साउंडवाला, कोल्हापूर

मिक्सरमागे उभा राहणारा म्हणून लिहितो. ड्रमशेजारचा यांचं दुखणं खरं आहे, उपाय मात्र मला महागात पडतो.

41 हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते. तिला दिशा नसते, कॅबिनेट कुठेही तोंड करून ठेवा, ती सगळीकडे पसरते. त्यात बासवाले कॅबिनेट मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवतात. भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुगवतात. तोच आवाज गायिकेच्या माइकमधून पुन्हा माझ्याकडे येतो. चारशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये मी बासचा चॅनल पूर्ण बंद केला तरी बास घुमतच राहतो. आणि बासवाला म्हणतो, ‘मला ऐकूच येत नाही, वाढवतो.’ त्याला ऐकू येत नाही कारण शब्दासारखा स्पष्टपणा देणारे वरचे स्वर सरळ रेषेत जातात आणि त्याच्या गुडघ्यांवर आदळतात. कॅबिनेट कोपऱ्यातून काढा, खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, तोंड कानाकडे करा. अर्ध्या आवाजात काम होतं. हे करायला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट, जी तारांइतकीच महत्त्वाची आहे आणि कुणी बोलत नाही: घुंऽऽ असा येणारा हम. आपली वीज 50 हर्ट्झची. बासच्या E तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा G 49 हर्ट्झचा. हमचा दुसरा स्वर 100 हर्ट्झ, आणि मोकळी G तार 98. म्हणजे हम बरोबर G च्या अंगाला चिकटून बसतो. बासवाला लांब G धरतो तेव्हा आवाज लाटेसारखा फुगतो आणि बसतो, सेकंदाला एकदा किंवा दोनदा. लोक म्हणतात तार खराब आहे. तार चांगली असते, अर्थिंग खराब असतं. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं बटण) दाबून बघा. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे, एकेका वेटोळ्याचे) असलेली जॅझ बास असेल तर दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवा, हम बराच मरतो. पण प्लगची अर्थ पिन कापू नका, तिच्यावर टेप गुंडाळू नका. जनरेटरवरच्या मांडवात, ओल्या जमिनीवर, हात धातूच्या तारेवर आणि ओठ माइकला लागलेले असतात. जीव जातो.

ड्रमशेजारचा

खुर्चीवर ठेवायचं मान्य. पण खुर्चीवर ठेवायला काहीतरी हवं ना? म्हणजे अ‍ॅम्प हवाच.

पणजीकर

मंद्रसप्तक, जेमरसनचं नाव घेतलंत तर पुरतं घ्या. त्याच्या प्रिसिजन बासवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवूंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा होत्या आणि तुटेपर्यंत तो त्या बदलत नसे. तुमच्या ‘तारा बदला’ या सल्ल्याच्या बरोबर उलट. क्लबात वाजवताना त्याच्यामागे अँपेग कंपनीचा बी-15 अ‍ॅम्प असायचा, तेही सांगा.

गोव्यात पावसाळ्यात राउंडवूंड तारांचं काय होतं ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. हवेत मीठ, अंगाला घाम. काही आठवड्यांत बोटांना काळं लागायला लागतं आणि वेढे खरखरीत होतात. फ्लॅटवूंडला वेढ्यांच्या खाचाच नसतात, वरची पट्टी सपाट. मळ बसायला जागा कमी. संच राउंडवूंडच्या जवळजवळ दुप्पट पडतो, पण वर्षानुवर्षं चालतो. शिवाय पडदे कमी झिजतात, हात सरकवताना करकर येत नाही. जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राला आणखी काय हवं? आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला बास ऐका: गोल, भरलेला, गायकाच्या आड न येणारा. असा आवाज हवा असेल तर लख्ख तारांचा हट्ट कशाला?

मंद्रसप्तक

पणजीकर, फ्लॅटवूंडला माझा विरोध नाही. पण ‘बदलूच नका’ हा सल्ला राउंडवूंड वाजवणाऱ्याच्या गळ्यात बांधू नका. फ्लॅटवूंड जुनी होताना मुरते. राउंडवूंडचा मुद्दाच तिची लखलख आहे. 1966मध्ये ‘द हू’ बँडच्या जॉन एन्टविसलने रोटोसाउंड या तारांच्या कंपनीबरोबर बसून त्या तारा घडवल्या, कारण त्याला बासमध्ये पियानोसारखी टणक, स्पष्ट सुरुवात हवी होती. ती गेली की उरतं ते ना धड हे ना धड ते. आजच्या बँडमध्ये स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) येतो, डिस्टॉर्शन लावलेल्या दोन गिटार येतात. त्यात गोल बास चिखलात रुततो.

वाजवण्याआधी हात धुवा, वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. खालून पुसणं बहुतेक जण विसरतात. घाम फार येत असेल तर लेप दिलेल्या तारा घ्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला नेकचा बाक बघून घ्या, लाकूड हवेतला ओलावा पितं आणि तारा पडद्यांपासून वर-खाली होतात. चार तारांपैकी प्रत्येकीचा ताण वीस किलोच्या आसपास असतो. 45-105चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) राउंडवूंड संच काढून फ्लॅटवूंड चढवली की हा ताण बदलतो, ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक ठरवणारी सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर स्वर बरोबर लागणं) पुन्हा बघावंच लागतं. चारही तारा एकदम उतरवून नेक दोन दिवस सैल ठेवू नका.

फक्त वाचत होतो

तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या होतात. दर वेळी नवा संच कशाला?

मंद्रसप्तक

मळ निघतो, लखलख परत येते, पण थोडे दिवस. तारेला खालून पडलेले खळगे उकळून भरत नाहीत, म्हणजे स्वर हलायचा तो हलतोच. दर वेळी खुंटीवरून सोडून पुन्हा गुंडाळल्याने वळणापाशी तार कमजोर होते. करायचंच असेल तर पाण्याऐवजी स्पिरिटच्या बंद नळीत रात्रभर ठेवा, गंजाची भीती नाही. ज्योतीपासून मात्र लांब.

आणि नवी तार कापताना आधी काटकोनात वाकवा, मग वाकवल्याच्या पुढे कापा. सरळ कापली तर काही तारांचे वरचे वेढे आतल्या गाभ्यावरून सैल होतात आणि कोरी तार पहिल्याच दिवशी मुकी लागते. दुकानदाराला दोष देण्याआधी हे तपासा.

एडिसनहून

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत वाजवतो. ‘तिकडून अ‍ॅम्प आण’ असं भारतातले मित्र सांगतात, त्यांच्यासाठी: इथली वीज 120 व्होल्ट. मागच्या पट्टीवर 230 व्होल्ट लिहिलेलं नसेल आणि व्होल्टेज बदलायची सोयही नसेल, तर तो अ‍ॅम्प तिथल्या प्लगमध्ये घालू नका.

वॅटच्या मागे लागणाऱ्यांनाही सांगतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून तीनशेचा पाचशे केल्याने काही होत नाही, जास्त कार्यक्षम स्पीकर घेतल्याने होतं. अँपेगचा 1969चा एसव्हीटी 300 वॅटचा, नुसतं हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) उचलायला दोन माणसं. आज क्लास डी, म्हणजे हलक्या स्विचिंग तंत्राचं, हेड तीन किलोच्या आत येतं. पण त्यावर लिहिलेले 500 वॅट 4 ओमच्या स्पीकरला असतात (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). एकच 8 ओमचा कॅबिनेट जोडला तर साधारण तीनशेच मिळतात. दोन 8 ओमचे समांतर जोडले की 4 होतात. तिसरा जोडायचा मोह टाळा, भार अ‍ॅम्पच्या मर्यादेखाली जातो. हेड ते कॅबिनेट स्पीकर केबलच वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच, पण आतली तार बारीक, गरम होते. आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

चार तारा, सांगली

सर, ज्या मुलीने विचारलं ती मीच. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आमच्या सरावाच्या खोलीत पीए नाहीच. मी गिटारवाल्याच्या दहा इंची अ‍ॅम्पमध्ये बास लावते. आवाज फाटतो, म्हणून बेस कमी करून वाजवते. कार्यक्रम वर्षाकाठी मोजकेच, सराव आठवड्यातून तीनदा.

साउंडवाला, कोल्हापूर

ताई, आधी ते थांबवा. गिटारचा स्पीकर एवढ्या खालच्या स्वराला कोन इतका पुढे-मागे हलवण्यासाठी बनलेला नसतो. आज फाटतोय तो आवाज, उद्या कोन फाटेल, आणि तो दुसऱ्याचा आहे.

मंद्रसप्तक

सरावाची खोली अशी असेल तर कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) लागेल, हे मान्य. पण क्रम माझाच ठेव. आधी सेटअप आणि एक नवा संच, तुझ्या बँडसाठी राउंडवूंड, निकेलचा. स्टीलपेक्षा पडदे कमी झिजतात. उरलेल्या पैशांत वापरलेला कॉम्बो, ज्याला स्वतःचा डीआय आउट आहे असा. म्हणजे वेगळा डीआय आत्ता घ्यायला नको.

ड्रमशेजारचा

पंधरा इंचीच बघ, किंवा दोन दहा इंची. ड्रमबरोबर वाजवायचं तर दीडशे-दोनशे वॅटच्या खाली जाऊ नकोस. घेताना स्वतःची बास घेऊन जा आणि मोकळी E हळू आवाजापासून वाढवत ने. स्पीकरमधून खरखर आली तर कॉइल घासतेय. सगळे नॉब फिरवून बघ. नुसतीच करकर असेल तर साफ करून जाते, त्यासाठी सौदा सोडू नकोस. मागचा डीआय मिक्सरला लावून दाखवायला सांग, बंद पडलेला बरेचदा तोच असतो.

साउंडवाला, कोल्हापूर

त्या डीआयजवळ प्री-पोस्ट असं बटण असेल तर कार्यक्रमात ते ‘प्री’वर ठेवा. मग तुम्ही स्टेजवर बेस-ट्रेबल कितीही फिरवा, माझ्याकडे येणारा आवाज हलत नाही. आणि चॅनल बंद करायला सांगितल्याशिवाय केबल उपटू नका, सबचा कोन जातो.