दुर्बिणीतून ऑक्सिजन दाखवता येतो

दीर्घिकांमधल्या ऑक्सिजनचा इतिहास गावातल्या व्याख्यानाला जड जाईल, शिवाय दाखवायला काहीच नाही, असं एक मत आहे. पहिला भाग अर्धा मान्य, पण 'दाखवायला काहीच नाही' हे चूक. मृगातला तेजोमेघ आहे की! बाणाच्या (तीन ताऱ्यांच्या ओळीच्या) जरा दक्षिणेला. त्याच्या हिरवट झाकेत मोठा वाटा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या, वर्णपटातल्या रेषांचा. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्सला अशाच रेषा दुसऱ्या एका तेजोमेघात दिसल्या, 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं; त्या ऑक्सिजनच्याच आहेत हा खुलासा भौतिकशास्त्रज्ञ बोवेनने १९२७ मध्ये केला.

६ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनला (साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीला) ३२ मिमीची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) लावा, म्हणजे साधारण ३७ पट. ओ-३ फिल्टर (जवळपास फक्त ऑक्सिजनच्या या रेषांचा प्रकाश जाऊ देणारी काच) नेत्रिकेत न बसवता डोळा आणि नेत्रिकेच्या मधे धरून आत-बाहेर सरकवा: तारे मंदावतात, मेघ तसाच राहतो. वर्धन वाढवलं की फिल्टरमधून सगळं काळं दिसतं, बहुतेक जण तिथेच फसतात. फेब्रुवारीतली अमावास्या धरा, ८-९ वाजता मृग डोक्याजवळ असतो. शाळेसमोरचा एलईडी दिवा मात्र बंद हवा. त्याच्या पांढऱ्या प्रकाशात ५०० नॅनोमीटरही असतो, तो फिल्टरने पूर्ण अडत नाही. गव्हाला ओलीत सुरू असलेल्या वावराशेजारीही नको, नेत्रिकेवर दव धरतं.

मग इतिहास सांगा: याच ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा २०२५ मध्ये चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणींनी जेड्स-जीएस-झेड१४-० या अतिदूरच्या दीर्घिकेत पकडली, विश्वाच्या प्रसरणाने ताणून सुमारे १.३४ मिमी झालेली. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्व ३० कोटी वर्षांचंही नव्हतं.