सोप सर्व्हिस तपासायला क्लायंट जनरेट करावा की हाताने एक्सएमएल पाठवावं?

गोदाकाठ:
नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या जुन्या ईआरपीत (कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सोप सर्व्हिसेस, म्हणजे एक्सएमएलमधून दोन प्रोग्रॅमना बोलू देणाऱ्या सेवा, अजून ठाण मांडून आहेत, म्हणून हा विषय. उदाहरणाला एक सर्व्हिस धरू: तारीख, बाजार समिती आणि क्विंटल दिले की कांद्याचा भाव परत येतो.

माझं मत असं, की डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) हातात आली की आधी तिच्यावरून क्लायंट, म्हणजे सर्व्हिसला हाक मारणारा कोड, जनरेट करा. तो कोड बनवणारं जावाचं टूल डब्ल्यूएसइम्पोर्ट तिथेच अडखळलं तर पुढे तपासायचं काय? वापरणाराही तिथेच अडकणार. (जावा ११ पासून हे टूल जेडीकेत (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्ये) मिळत नाही, मेव्हन या बिल्ड टूलचं जॅक्स-डब्ल्यूएस (जावाची सोपसाठीची यंत्रणा) प्लगइन लावा.) डब्ल्यूएसडीएल तिच्या एक्सएसडी (डेटाचे टाइप सांगणाऱ्या) फायलींसकट प्रोजेक्टमध्ये उतरवून घ्या. थेट लोकलहोस्टवरून जनरेट केलं तर तो पत्ता क्लासमध्ये जाऊन बसतो आणि दुसऱ्या मशीनवर क्लायंट उठतच नाही. खरा एंडपॉइंट (सर्व्हिसचा पत्ता) जावाच्या बाइंडिंगप्रोव्हायडरमधून द्या.

तर्री_जास्त:
भाऊ, जनरेट केलेला क्लायंट फार सज्जन असतो. क्विंटलचा टाइप बिगडेसिमल हा आकड्यांचा, म्हणजे 'दहा' असा शब्द कंपाइलच होणार नाही. पण बाहेरून तो आला, तारीख १०/०३/२०२४ अशी चुकीच्या साच्यात आली, टॅग अर्धा तुटला, तर सर्व्हिस नीट फॉल्ट (सोपचा ठरलेला एरर संदेश) देते की अख्खा स्टॅक ट्रेस (कोडच्या आतली एरर-यादी) ओकते? ते बघायला हाताने रिक्वेस्ट पाठवू देणारं कर्ल किंवा सोपयूआयच हवं.

कर्लला फाइल डेटा-बायनरीने द्या, साध्या डेटा ऑप्शनने ओळींचे शेवट गळतात. हेडरमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ लिहा, नाहीतर 'लासलगाव'चा पलीकडे चोथा होऊ शकतो.

गोदाकाठ:
तुटका टॅग मान्य. पण हाताने लिहिलेल्या एक्सएमएलमध्ये चूक सर्व्हिसची की आपली, हेच कळत नाही. जावा कोडवरून बनलेल्या डब्ल्यूएसडीएलमध्ये नेमस्पेस (टॅग कोणत्या गटातला ते सांगणारं नाव) बहुतेक वेळा फक्त ऑपरेशनच्या टॅगला असते, आतल्या टॅगना नसते. तुम्ही वर प्रीफिक्सशिवाय एक्सएमएलएनएस लिहिलं की ती आतल्या टॅगनाही लागू होते. सर्व्हर ते टॅग ओळखत नाही, तक्रारही करत नाही; पॅरामीटर नल, उत्तर २०० ओके. मग बसा डीबग करत. सोप १.२ च्या एंडपॉइंटला टेक्स्ट/एक्सएमएल पाठवून ४१५ ('हा कंटेंट टाइप चालत नाही') खाणारे वेगळेच.

निफाडचा_डॉटनेटवाला:
दोघंही एकाच बांधावर भांडताय. जावाच्या सर्व्हिसला जावाच्याच टूलने क्लायंट काढला, तर दोन्ही टोकांना समजुती त्याच, म्हणून टेस्ट पास. क्लायंट दुसऱ्या स्टॅकचा, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या टूलचा, काढा.

हाच क्विंटल घ्या. जावातून डब्ल्यूएसडीएल बनवताना ऑब्जेक्ट टाइपच्या पॅरामीटरला मिनऑकर्स शून्य, म्हणजे 'नसला तरी चालेल', असं लागतं. डॉटनेटमध्ये एसव्हीसीयुटिल या टूलने एक्सएमएलसीरियलायझरवाला क्लायंट काढला की क्विंटलशेजारी 'क्विंटलस्पेसिफाइड' असं बूलियन येतं. ते ट्रू केलं नाही तर क्विंटलमध्ये ५० भरलेले असूनही टॅग जातच नाही. जावाच्या क्लायंटला हे जन्मात दिसणार नाही. पॅरामीटर सक्तीचा असेल तर त्यावर जावा कोडमध्ये एक्सएमएलएलिमेंट हे ॲनोटेशन लावून रिक्वायर्ड ट्रू करा.

तर्री_जास्त:
स्पेसिफाइडचा मुद्दा पटला. त्यात तारखेची भर घाला. क्लायंट आणि सर्व्हर एकाच लॅपटॉपवर, दोन्ही भारतीय वेळेवर, सगळं छान. सर्व्हर यूटीसीवर गेला की १० मार्चची +०५:३० लावलेली मध्यरात्र तिथे ९ मार्चच्या १८:३० ला पडते आणि भाव आदल्या दिवसाचा येतो. इथे दुसऱ्या स्टॅकचा क्लायंटही कामाचा नाही. सर्व्हरचा जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) यूटीसी टाइमझोन देऊन चालवा आणि मग तपासा. तारखेसाठी जावाचा एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर हा टाइप वापरत असाल तर नुसत्या तारखेचा टाइमझोन अनडिफाइन्ड ठेवा.

सिडको_बॅकएंड:
ऐकायला बरं आहे साहेब, पण दोन स्टॅकचे क्लायंट सांभाळणार कोण? चार जणांच्या टीममध्ये डॉटनेट येणारा एकही नसतो.

निफाडचा_डॉटनेटवाला:
सांभाळायचेच नाहीत. जनरेट झालेले क्लासेस गिटमध्ये टाकू नका, फक्त डब्ल्यूएसडीएल आणि एक्सएसडी टाका. क्लासेस दर बिल्डला नव्याने निघू द्या. डॉटनेट नको असेल तर पायथनची झीप (Zeep) ही लायब्ररी घ्या, तिला कोड जनरेट करावाच लागत नाही. फक्त स्पेसिफाइडची भानगड त्यात दिसणार नाही. आणि जॅक्स-डब्ल्यूएसच्या क्लायंटला कनेक्ट आणि रिक्वेस्ट दोन्ही टाइमआउट स्वतः द्या. जॅक्स-डब्ल्यूएसच्या मूळ (रेफरन्स) आवृत्तीत ते आधीपासून ठरलेले नसतातच, सर्व्हर गप्प बसला की बिल्डही रात्रभर लटकतो.