मदत हवी आहे: जपानमध्ये खुनाला नक्की काय शिक्षा होते? (तातडीचं)

शब्दवेल्हाळ:
दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय, संपादकांना सोमवारी द्यायची आहे. नायिका जपानी आहे. तिच्या हातून खून झालाय, शेवटी ती ओसाकात पोलिसांसमोर कबूल करते. पुढे काय होईल? फाशी की जन्मठेप? नेटवर तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली. कोणाला पक्कं माहीत असेल तर कृपया लवकर सांगा.

निवृत्त_तात्या:
जपानात फाशी आहे, आणि ती फाशीच असते, म्हणजे दोरखंडाने. कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात. नायिकेला तुरुंगात दाखवा, कथा जबरदस्त होईल.

काळा_कोट:
तात्या, थांबा जरा. एका खुनाला तिथे सहसा फाशी देत नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या नागायामा निकालापासून बळींची संख्या, हेतू, क्रूरपणा, वय असं सगळं तोलून पाहतात.
ताई, जपानी दंडसंहितेतलं मूळ कलम १९९: फाशी, जन्मठेप किंवा किमान ५ वर्षं कैद. आपल्याकडे खून आणि सदोष मनुष्यवध असे दोन कप्पे आहेत, तिथे खुनाचं कलम एकच आहे. कट करून मारलं की रागाच्या भरात, हा फरक शिक्षा ठरवताना बघतात. म्हणूनच पल्ला एवढा मोठा. आता हे सांगा: खून कुठल्या वर्षी झाला? कोणाचा? कसा?

शब्दवेल्हाळ:
वर्षाने काय फरक पडतो? खून तो खूनच ना. १९७०, ओसाका. सासऱ्याचा.

काळा_कोट:
जमीन-अस्मानाचा पडतो. १९७० ला कलम २०० जिवंत होतं. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या आईवडिलांना, आजीआजोबांना मारलं तर फक्त फाशी किंवा जन्मठेप. कितीही सवलत दिली तरी साडेतीन वर्षांच्या खाली येता यायचं नाही, आणि शिक्षा स्थगित करायची (म्हणजे तुरुंगात न पाठवता सोडायचं) तर ती ३ वर्षं किंवा कमी हवी. म्हणजे कितीही छळ सोसलेली सून असली तरी तुरुंग अटळ.
४ एप्रिल १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. एखादा कायदा घटनाबाह्य ठरवण्याची त्या न्यायालयाची ही पहिलीच वेळ. १५ पैकी १४ न्यायमूर्ती एका बाजूला. प्रकरण जपानमधल्या तोचिगी प्रांताचं: बापाने वर्षानुवर्षं अत्याचार केलेल्या मुलीने १९६८ मध्ये त्याला मारलं होतं. तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली आणि तीही ३ वर्षांसाठी स्थगित. हा निकाल वाचल्यावर मला रात्रभर झोप लागली नव्हती.

हिरकणी:
त्या १४ जणांतही एकमत नव्हतं. ८ जणांचं म्हणणं शिक्षा अवाजवी कडक आहे एवढंच. ६ जणांनी मात्र आईबापांच्या खुनाला वेगळं कलम असणंच समतेविरुद्ध मानलं. माझ्या मते ते ६ बरोबर होते. आणि संसदेने कलम काढलं कधी? १९९५ ला! तोवर ते पुस्तकात तसंच पडून.

निवृत्त_तात्या:
आईबापांवर हात उचलणाऱ्याला जास्त शिक्षा यात गैर काय? आपले संस्कारही तेच सांगतात.

हिरकणी:
तात्या, त्या मुलीवर बापाने काय केलं ते वाचा आणि मग संस्कार सांगा.

काळा_कोट:
आपल्याकडेही १९८३ मध्ये मिठू खटल्यात भादंवि ३०३ रद्द झालं. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर सक्तीने फाशी, असं ते कलम होतं. न्यायाधीशाचे हात बांधणारी कलमं दोन्हीकडे पडली.

शब्दवेल्हाळ:
माझ्या प्रश्नाकडे या ना प्लीज! ती कबुली १९७० ला देत नाही. २०१५ ला देते. म्हणजे कुठला कायदा?

ओसाकावासी:
अहो, हे आधी सांगायचं! तेव्हा जपानात खुनाचा खटला भरायला १५ वर्षांची मुदत होती, १९८५ ला संपली. २०१५ ला तिला कोणी हात लावू शकत नाही. कथा संपली.
कोबानमध्ये (छोट्या पोलीस चौकीत) मात्र चांगलं वागवतील. माझं पाकीट हरवलं होतं, सगळ्या पैशांसकट परत मिळालं.

शब्दवेल्हाळ:
खुनाला मुदत?? आपल्याकडे नाही तर तिथे असेल असं डोक्यातच आलं नाही. पण ती १९७४ पासून जपानमध्ये नव्हती. नवरा वारल्यावर तिने ओसाकात ट्रेनिंगला आलेल्या एका पुण्याच्या इंजिनियरशी लग्न केलं. चाळीस वर्षं पुण्यातच आहे.

काळा_कोट:
मग ओसाकावासींचं उत्तर बाद. आरोपी देशाबाहेर असेल तेवढा काळ मुदतीचं घड्याळ थांबतं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २५५. चार वर्षं गेली, अकरा शिल्लक. २७ एप्रिल २०१० ला खुनाची मुदतच रद्द झाली, आणि तोवर मुदत न संपलेल्या जुन्या खुनांनाही हा बदल लागू झाला. म्हणून विचारतो: ती माहेरपणाला जपानला किती वेळा गेली, किती दिवस राहिली? ते दिवस मुदतीत मोजले जातात. सगळे मिळून अकरा वर्षांच्या आत असले तर ती २०१५ ला कायद्याच्या कक्षेत आहे.

शब्दवेल्हाळ:
दोनदाच गेली. आई आजारी असताना, आणि आई गेल्यावर.

काळा_कोट:
मग कक्षेत आहे. गुन्ह्यानंतर शिक्षा बदलली असेल तर कमी शिक्षेची तरतूद लागते. कलम २०० तर गेलंच, आणि कलम १९९ चं किमान तेव्हा ३ वर्षं होतं, ५ नंतर झालं. म्हणजे ३ वर्षं देऊन ती स्थगित करता येते. स्वतःहून पुढे आली, गुन्हा कोणाला माहीत नव्हता, याचीही सवलत मिळू शकते. २००९ पासून अशा खटल्यांत ३ न्यायाधीशांबरोबर ६ सामान्य नागरिक बसतात, तेही दाखवा.
पण मारलं कसं? हेतू काय होता?

शब्दवेल्हाळ:
देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून ढकललं. तो खाली विव्हळत होता. ती घरी आली, दार सरकवलं आणि भात लावला.

हिरकणी:
भात लावला हे वाचून अंगावर काटा आला.

काळा_कोट:
इथेच तुमची कथा आहे. मारायचंच नव्हतं, नुसतं दुखवायचं होतं असं न्यायालयाला पटलं, तर तो खून नाही. ते कलम २०५, इजेमुळे मृत्यू. त्याला फाशी नाही, म्हणून २०१० चा बदलही लागू नाही, मुदतीचा हिशोब वेगळा. 'मेला तर मेला' एवढं मनात असलं तरी खुनाचा हेतू धरतात. ढकलताना तिच्या मनात काय होतं, ते तुम्हीच ठरवायचं.

वाटसरू:
तिला पुण्यातच पोलिसांकडे पाठवा ना. ३०२ लागेल, नव्या भारतीय न्याय संहितेत ते १०३.

काळा_कोट:
नाही लागणार. गुन्हा जपानात झाला आणि तेव्हा ती भारतीय नागरिक नव्हती.

हिरकणी:
आणखी एक. जपानच्या राज्यघटनेचं कलम ३८: नुसत्या कबुलीवर दोषी ठरवता येत नाही. ४५ वर्षांनी पुरावा कुठून आणणार? प्रेताचं दहन झालं असणार, त्या वेळी अपघात म्हणून नोंद झाली असणार. सरकारी वकील खटलाच भरणार नाहीत. तिथे ९९ टक्के खटल्यांत शिक्षा होते म्हणतात, त्याचं एक कारण हेच: पुरावा कच्चा असेल तर खटला भरतच नाहीत.

काळा_कोट:
पूर्ण सहमत. मी तर पोलीस ठाण्यातच कथा थांबवीन.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे ती सांगणार, आणि तिला शिक्षा द्यायला कोणी पुढे येणार नाही. माझा शेवट बदलतोय. सगळ्यांचे मनापासून आभार. ओसाकावासी, २०१५ मध्ये कोबानमध्ये रात्री किती पोलीस असतात?

ओसाकावासी:
कोबानवर अवलंबून आहे. पण चौकशी तिथे करणार नाहीत, मोठ्या ठाण्यात नेतील. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जागांची नावं बघून देतो.

निवृत्त_तात्या:
अंक कुठला ते सांगा. आणि जपानचा व्हिसा किती दिवसांत मिळतो? मुलगा टोकियोला आहे.