अनुभव धागा: एकट्याने प्रवास करताना डाइव्हसाठी बडी कसा निवडता?

निळी_खाडी (धागाकर्ती)
तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्यांना इन्स्ट्रक्टर धरूनच असतो, तिथे बडीचा (पाण्याखालच्या जोडीदाराचा) प्रश्न येत नाही. तो येतो ओपन वॉटर कार्ड (स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र) हातात पडल्यावर. १८ मीटरपर्यंत बडीसोबत जायला तुम्ही मोकळे, पण कर्नाटकातल्या नेत्राणीला किंवा अंदमानातल्या हॅवलॉकला (स्वराज द्वीप) पोचलात एकटेच. मग सेंटरवाले बोटीवर कोणाशी तरी जोडी लावून देतात. ती जोडी नीट जमावी म्हणून तुम्ही काय करता? किस्से नकोत, उद्या कुणाला वापरता येईल असं लिहा.

पाणकावळा
बुकिंगच्या मेसेजमध्येच चार गोष्टी कळवा: कोणतं कार्ड, एकूण किती डाइव्ह, शेवटची कधी, कॅमेरा आहे का. "याच अनुभवाचा बडी द्या" असं स्पष्ट लिहा. सेंटरकडे सगळ्यांची माहिती असते, पण कोणी विचारलं नाही तर जोड्या बोटीवर ज्या क्रमाने लोक बसलेत त्या क्रमाने लागतात. आदल्या संध्याकाळी फिन (पायातले पंख) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) मापून बघायला जायचंच असतं, त्याच वेळी बडीला भेटून घ्या. सकाळी जेटीवर घाई असते, बोलणं होत नाही.

आणि गाइडला बडी समजू नका. तो पुढे असतो, त्याच्यामागे तुम्ही तीन-चार जण. तुमचा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) सुटला तर ते त्याला मान वळवेपर्यंत कळणार नाही. जुळणारा बडी मिळतच नसेल, तर जास्तीचे पैसे देऊन फक्त तुमच्यासाठी गाइड घ्या. त्या पैशांत कंजुषी नको.

दर्यावर्दी_पुणे
माझ्या मते सगळ्यात आधी हवेचा वापर जुळवावा. स्वभाव, भाषा नंतर. गणित सोपं आहे: वापरलेले बार (सिलिंडरमधल्या दाबाचं एकक) गुणिले सिलिंडरचे लिटर, भागिले मिनिटं, भागिले सरासरी खोलीवरचा दाब. ११ लिटरचा सिलिंडर, सरासरी १० मीटर (दाब २), ४० मिनिटांत १२० बार संपले, तर मिनिटाला साडेसोळा लिटर. लॉगबुकात हा आकडा लिहून ठेवा आणि बडीलाही विचारा.

आता १८ मीटरवर दाब २.८. साडेसोळावाल्याचे मिनिटाला ४.२ बार जातात, २५ लिटरवाल्याचे ६.४. दोघं २०० बारवरून निघून ७० ला वर यायला लागणार असतील, तर पहिल्याला ३१ मिनिटं मिळतात, दुसऱ्याला २०. हे आधी ठाऊक नसेल तर कमी हवेवाला संकोचाने आकडा सांगत नाही, ५० च्या खाली जातो आणि सेफ्टी स्टॉपला (वर येताना ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा) दोघांची तारांबळ उडते. म्हणून पाण्यात उतरण्याआधीच ठरवून टाका: ज्याची हवा आधी संपेल त्याच्याबरोबर दोघंही वर. जास्त हवा खाणाऱ्याने वाईट वाटून घेऊ नये. शरीरयष्टी, थंडी, प्रवाह, सगळ्याचा परिणाम होतो.

मीठबाव
भाड्याचं साहित्य प्रत्येक सेंटरचं वेगळं, त्यामुळे बडी चेक (उतरण्याआधी एकमेकांच्या साहित्याची तपासणी) मनातल्या मनात उरकू नका, हात लावून करा. बडीच्या बीसीडीत हवा भरून आणि सोडून बघा. वेट बेल्टचं बकल उजव्या हाताने उघडतं का, वरच्या पट्ट्याखाली अडकलंय का, ते पाहा. मग प्रेशर गेजकडे बघत त्याला रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्यायला सांगा. श्वासागणिक काटा खाली पडत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. असा सिलिंडर बोटीवर ठीक वाटतो आणि खोलवर हवा कमी पडते. ऑक्टोपस (अडचणीत दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर) नेमका कुठे अडकवलाय ते बघा, एकदा ओढून काढा.

बेल्टवरच्या वजनाबद्दलही विचारा. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होताना सुमारे दोन-अडीच किलोने हलका होतो. सुरुवातीला कसाबसा बुडणारा माणूस शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबू शकत नाही, वर उचलला जातो. बडी गेला की तुमचाही स्टॉप मोडतो.

निळी_खाडी
मीठबाव, व्हॉल्व्हचं हे खूप महत्त्वाचं. खुणांबद्दलही कोणी लिहा ना.

फुजैरा_शुक्रवार
इकडे आखातात बोटीवर पाच देशांचे लोक असतात, म्हणून खुणा करूनच दाखवायच्या. निम्मा सिलिंडर म्हणजे १०० बारला कोणी इंग्रजी टी करतात, कोणी बोटांनी आकडा दाखवतात. ५० ला मूठ. कान दुखण्याची खूण नक्की ठरवा, कारण जोड्या बऱ्याचदा तिथे तुटतात: एकाचा दाबाने बंद झालेला कान उघडत नाही, दुसरा सरळ तळाला जाऊन वाट बघतो. उतरताना समोरासमोर राहा, एक थांबला की दुसऱ्यानेही थांबायचं, मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न.

अंतर दोन मीटर, गढूळ पाण्यात हाताच्या अंतरावर. कोण डावीकडे राहणार तेही ठरवा, म्हणजे मान कुठे वळवायची ते ठाऊक असतं. चुकामूक झाली तर एक मिनिट गोल फिरून शोधायचं, मग सावकाश वर येऊन पृष्ठभागावर भेटायचं. हा नियम दोघांनी आधी तोंडाने म्हणावा, नाहीतर एक खालीच शोधत राहतो.

पाणकावळा
कॅमेऱ्याचं राहिलं. मॅक्रो (अगदी जवळून) फोटो काढणारा एका खडकापाशी दहा मिनिटं थांबतो. त्याला तसाच फोटोवाला बडी द्यावा, नाहीतर "प्रत्येक फोटोनंतर माझ्याकडे बघ" असं कबूल करून घ्या.

पहिल्या डाइव्हमध्ये जोडी जमली नाही तर सरफेस इंटर्व्हलमध्येच (दोन डाइव्हमधल्या विश्रांतीत) गाइडला बाजूला घेऊन सांगा. कारण थोडक्यात द्या: हवा जुळत नाही, तो मागे बघत नाही, खोली पाळत नाही. दुसऱ्या जागेचं ब्रीफिंग सुरू झालं की जोड्या सहसा बदलत नाहीत.