मदत हवी आहे: सोलापुरात जुन्या मिलच्या टाइम ऑफिसात म्युझियम करायचंय, हजेरीपटातली नावं लावावीत का?

नमस्कार मंडळी,
मी सोलापूरचा. आमच्याकडे एका बंद पडलेल्या मिलचं टाइम ऑफिस अजून उभं आहे, दगडी बैठी इमारत, हजेरी लागायची ती खिडकी सुद्धा शाबूत आहे आणि ती जागा आमच्या छोट्या ट्रस्टला भाडेकराराने मिळायची दाट शक्यता आहे. 1877 मध्ये इथे पहिली कापड गिरणी निघाली, पुढे कित्येक पिढ्या गाव भोंग्यावर उठलं, पण आज बाहेरच्याला विचारा, सोलापूर म्हणजे चादर आणि शेंगाचटणी, बास.

सामान बऱ्यापैकी जमलंय. धोटे (मागावर आडवा धागा नेणारी लाकडी शटल), त्यात बसणाऱ्या धाग्याच्या कांड्या, पितळी बिल्ले आणि हजेरीच्या वह्यांचा एक अख्खा ढीग, त्यातल्या काही मोडी लिपीत. एक धोटा असा आहे की त्याच्या डोळ्याजवळचं, म्हणजे धागा बाहेर येतो त्या भोकाजवळचं, लाकूड गुळगुळीत झालंय. कांडी बदलली की साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, तिथे तोंड लावून धागा ओढून घ्यायचे, दिवसभर तेच, आणि धाग्याबरोबर फुफ्फुसात काय जायचं ते विचारूच नका.

आता अडचणी. कौलं फुटलीत, वाशांना वाळवी आहे, ठेकेदार म्हणतो सगळं काढून स्लॅब टाकू आणि आतून सिमेंटचा गिलावा मारू, पाच पिढ्या बघायला नको. करावं का?

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. वह्यांमध्ये काही नावांपुढे ‘सेटलमेंट’ असं लिहिलंय. नवीन लोकांसाठी सांगतो, 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली इंग्रजांनी अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, इथे त्यांना तारेच्या कुंपणात, म्हणजे सेटलमेंटात, ठेवलं आणि मिलमध्ये कामाला लावलं, 1952 ला ती माणसं मोकळी झाली. त्यांची नातवंडं आजही गावात आहेत. आमच्यातले काही म्हणतात पानं लावूच नका, उगाच वाद होईल, त्यापेक्षा मालकांचे फोटो आणि मशिनरी ठेवू. मला ते पटत नाही. मग नुसत्या मशिनी बघायला कोण येणार ओ?

प्रतिसाद १
स्लॅब अजिबात नको. जुन्या भिंती चुन्यातल्या असतात, सिमेंट मारलं की ओल आत अडकते आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. पावसाळ्याआधी फक्त कौलं, पन्हळी आणि वाळवी एवढंच बघा, बाकी सगळं नंतर. स्ट्रक्चरल ऑडिट आणि मोजमापाचे नकाशे करून घ्या. भाडेकरार लांब मुदतीचा मागा, अकरा महिन्यांच्या कागदावर कोणी पैसे देत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची म्युझियमसाठी अनुदान योजना आहे, तिथे ट्रस्टची नोंदणी आणि ऑडिट झालेले हिशोब लागतील.

प्रतिसाद २
वह्यांना प्लास्टिक लॅमिनेशन करू नका!! चिकटपट्टी पण नको. आडव्या ठेवा, उन्हात वाळवू नका, आधी सगळ्या पानांचे फोटो काढून घ्या आणि मूळ वही काचेत ठेवलीच तर थोडे दिवस, मंद उजेडात. आणि वाइंडिंगला (धागा गुंडाळायच्या खात्यात) काम केलेल्या बायका असतील तर त्यांचं बोलणं आत्ताच रेकॉर्ड करा, पुरुषांच्या मुलाखती सगळेच घेतात.

प्रतिसाद ३
माझे पणजोबा सेटलमेंटातले. लपवू नका ओ, आमच्या आजीनं आयुष्यभर लपवलं तेवढं पुरे झालं. पण भिंतीवर नावं मोठी करून टांगू पण नका. कायदा काय होता, पगार कोणाच्या हातात जायचा, कुंपण कुठे होतं ते भिंतीवर लिहा. नावं आतल्या टेबलावर, घरचा माणूस विचारत आला तर त्याला पान काढून दाखवा. आणि ठरवायला बसाल तेव्हा आमच्या वस्तीतली दोन माणसं कमिटीत घ्या, नुसतं उद्घाटनाला बोलावून हार घालू नका.

धागाकर्ता
प्रतिसाद ३, हे पटलं, पुढच्या मिटिंगला हाच विषय पहिला घेतो, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतोय. स्लॅबचं रद्द. पाट्या मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत करायच्या ठरल्यात कारण शहराच्या पूर्वभागातली पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाची, मंडळी नसतील तर हे म्युझियम सोलापूरचं वाटणारच नाही.

अजून एक, अमेरिकेत लोवेलला गिरणीच्या म्युझियममध्ये जुने माग खरोखर चालवतात आणि बघणाऱ्यांना कानात घालायला बोळे देतात. आम्हाला एकच साचा चालू करायचाय. जुना मिलचा साचा दुरुस्त करणारा फिटर किंवा जॉबर (खात्याचा मुकादम) कोणाच्या ओळखीत आहे का? रिटायर असला तरी चालेल, जायची यायची सोय आम्ही करू.