ऑइलचा रिपोर्ट चांगला आला, तर बदलणं पुढे ढकलावं का?

डिपस्टिक:
मॅन्युअलमध्ये लिहिलंय १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. माझं रनिंग बरंचसं हायवेचं. वर्ष सरायच्या आत किलोमीटर भरतात आणि दर वेळी ड्रेन प्लगखालून येणारं ऑइल बघून वाटतं की हे अजून चाललं असतं. या खेपेला १०,०००ला ऑइल न काढता डिपस्टिकच्या नळीतून पंपाने थोडं ओढलं आणि लॅबला पाठवलं. १२,५००ला पुन्हा तेच.

लोखंड (इंजिनाच्या झिजेतून ऑइलात येणारं) १०,०००ला १४ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १४ भाग, १२,५००ला १८. म्हणजे हजार किमीमागे जेमतेम १.४, दोन्ही वेळा. टीबीएन (ॲसिड मारण्याची शिल्लक ताकद) नव्या ऑइलचा ८.२ होता, तो ४.८ आणि मग ४.१. व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १०० अंशांवर ११.६ वरून १०.२ सेंटिस्टोक, ३० ग्रेडची खालची हद्द ९.३, तेव्हा ग्रेड टिकून आहे. सिलिकॉन ९, म्हणजे एअर फिल्टर धूळ आत सोडत नाहीये. पेट्रोलची भेसळ १ टक्क्याच्या आत.

पुढच्या वेळी १५,०००. गाडी वॉरंटीबाहेर आहे, तेव्हा तो मुद्दा नको.

जुनं_ते_सोनं:
एवढे उपद्व्याप कशाला? ऑइल काळं झालं की बदलायचं. आयुष्यभर तेच केलं, एकही इंजिन बसलं नाही.

डिपस्टिक:
डिझेलमध्ये नवं ऑइल पहिल्या काही दिवसांतच काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. त्या न्यायाने दर आठवड्याला बदलावं लागेल.

चौथा_गिअर:
धाग्याशी असहमत, पण काळ्या रंगासाठी नाही. एक साधा प्रश्न: मध्ये टॉपअप केलं होतं का?

डिपस्टिक:
९,०००च्या आसपास अर्धा लिटर. चेंबर ४ लिटरचं. का?

चौथा_गिअर:
वाटलंच. तुमचा हजारी १.४ हा सुरुवातीपासूनचा सरासरी दर आहे. शेवटच्या २,५०० किमीत लोखंड १४ वरून १८ झालं, म्हणजे हजारी १.६. जळून गेलेलं अर्धा लिटर जाताना आपल्यातलं लोखंड घेऊन गेलं आणि वर कोरं ऑइल पडलं. म्हणून १०,०००चा आकडा गोड दिसला.

टीबीएनचंही तेच. आठवा हिस्सा ताजं ऑइल पडल्यावर आकडा साधारण अर्ध्या अंकाने वर जातो. तो अर्धा अंक वजा करा, तुमचा ४.१ होतो ३.६. टीबीएन निम्म्यावर आला की ऑइल काढा, असा ढोबळ नियम बरेच जण पाळतात. ८.२ चं निम्मं ४.१. टॉपअप नसतं तर ही रेघ तुम्ही केव्हाच ओलांडली असती.

डिपस्टिक:
दराचा हिशोब मान्य, ती माझी चूक. पण टॉपअप धरून मांडलं तर दर आधीही १.६ च निघतो आणि नंतरही १.६. म्हणजे झीज वाढलेली नाही, हे उलट तुम्हीच सिद्ध केलंत. 🙂 आणि टीबीएनबद्दल म्हणाल तर चेंबरमध्ये जे ऑइल फिरतंय ते ४.१ चं आहे. इंजिनाला ३.६ चं ऑइल कुणी पाजलेलं नाही.

चौथा_गिअर:
पाजलेलं नाही, पण पुढच्या वेळी ऑइल कमी जळलं, टॉपअप लागलंच नाही, तर १५,०००ला काय आकडा असेल? एका भरणाच्या दोन नमुन्यांवर अंतर दीडपट करणं घाईचं आहे. तीन-चार भरणांचा कल दिसू द्या.

रात्रपाळी:
डिझेल जनरेटर सांभाळतो. आमचा हिशोब तासांत, दर २५० तासांनी नमुना. माझ्या मते दोघंही रिपोर्ट चुकीच्या कामाला जुंपताय. ऑइल वाचवणं हा त्याचा फार तर जोडधंदा. एका सेटच्या रिपोर्टमध्ये सोडियम आणि पोटॅशियम (हे कूलंटमधून येतात) हळूहळू चढायला लागलं, बाकी सगळं साफ. ऑइल दुधाळ नाही, तापमान बरोबर, कूलंटची पातळी किंचित खाली. हेड उघडलं तर गॅस्केटमधून कूलंट पाझरत होतं. अजून महिनाभर चालवलं असतं तर बेअरिंग गेली असती. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वेने डिझेल इंजिनांचं ऑइल तपासायला घेतलं तेही असंच, आतला बिघाड इंजिन न उघडता कळावा म्हणून.

एका गाडीत ४ लिटर ऑइल. दोन टेस्टच्या खर्चात नवं ऑइल येत असेल तर बदलून मोकळं व्हावं. आमच्यासारखं शेकडो लिटर असेल तर गोष्ट वेगळी.

पाना_१०_११:
मी इंजिनं उघडतो. लॅबला तेवढंच दिसतं जे ऑइलात उतरलं. जे आतच चिकटून बसलं ते नमुन्यात येणार कुठून? ऑइल रिंगच्या खाचेत कार्बन बसतो, परत जायची बारीक भोकं बुजतात, मग गाडी ऑइल प्यायला लागते. तोवर लोखंड, तांबं, शिसं सगळं व्यवस्थित. शिवाय ते धातू मोजायचं यंत्र पाच-दहा मायक्रॉनच्या वरचे कण धड पकडत नाही. बेअरिंगचा पापुद्रा निघाला तरी रिपोर्ट हसत येईल. तो सापडतो फिल्टर कापून घड्या उलगडल्यावर.

डिपस्टिक, तुमची गाडी ९,०००त अर्धा लिटर पिते. आधीपासून पिते का?

डिपस्टिक:
पहिली दोन वर्षं टॉपअप लागलंच नव्हतं. अर्धा लिटर म्हणजे काही फार नाही, मॅन्युअलच्या हद्दीत आहे. फिल्टर मात्र कापून बघीन, ते पटलं.

पाना_१०_११:
हद्दीत आहेच. पण आधी शून्य होतं, आता नाही. ऑइल भरायचं झाकण काढा, टॉर्च मारा, आत कसा रंग दिसतो ते सांगा.

डिपस्टिक:
बघितलं. कॅमच्या आसपास मधासारखा तपकिरी. चिखल नाही, गाळ नाही. ऑइलचा पातळ थर असावा.

पाना_१०_११:
इंजिन बंद करून, गार झाल्यावर कापडाने पुसा. ऑइल असेल तर पुसलं जाईल.

जुनं_ते_सोनं:
मी म्हणत होतोच.

डिपस्टिक:
तुम्ही काळ्याबद्दल म्हणत होतात, हे तपकिरी आहे.

पुसलं. कापडाला ऑइल लागलं, रंग तिथेच आहे.